राहिलेले रोजे

रमजान आला की आमच्या घरात दादाजानच्या वहीची आठवण निघतेच. दादाजान म्हणजे माझे आजोबा. वसमत तालुक्यात थोडी कोरडवाहू जमीन, पाच वेळची नमाज आणि दर सोमवारी-गुरुवारी रोजा, एवढीच त्यांची गावाला ओळख. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेला फौजी आहे, हे निम्म्या गावाला ठाऊकही नव्हतं.

तसं हिंगोलीचं आणि फौजेचं नातं जुनं आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती. 1903 मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. आजच्या कुमाऊँ रेजिमेंटचं मूळही त्याच कंटिंजंटच्या पायदळात आहे. छावणी गेली, पण पोट भरेना तेव्हा पलटणीत जायचं, ही वाट आमच्या भागातल्या पोरांना माहीत होती. दादाजान 1941 मध्ये हिंगोलीहून रेल्वेने निघाले आणि खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले.

सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा आणि पेरलेले सुरुंग काढणारा सैनिक. पायदळ पुढे सरकण्याआधी त्याला जावं लागतं. आधी आफ्रिकेचं वाळवंट आणि मग इटलीचे डोंगर, असा दादाजानचा प्रवास झाला. इटलीच्या लढाईत सुमारे 50 हजार भारतीय सैनिक होते. त्यांतले 5,782 परत आले नाहीत. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे तिथेच 10 जुलै 1944 ला लढता लढता पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या वर्षी रमजान ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लागला आणि 25 ऑगस्टला जर्मनांच्या गॉथिक लाइनवर मोठा हल्ला सुरू झाला. दादाजान युद्धाविषयी फारसं बोलत नसत. बोललेच तर रमजानमध्ये, इफ्तारनंतर, आणि तेही याच दिवसांविषयी. जर्मनांचे काही सुरुंग लाकडी पेटीतले असत. लोखंड शोधणारं यंत्र त्यांच्यावर वाजत नसे. मग पोटावर पडून संगिनीचं टोक जमिनीत तिरपं, हलकेच घालत जायचं. टोकाला काही लागलं की हात थांबवायचा. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी अंथरायची. मागचे सगळे त्या पट्टीच्या भरवशावर येत.

दादाजानने तिथेही रोजे धरले होते. त्यांचे हवालदार साताऱ्याकडचे मराठा होते. एका पहाटे त्यांनी बिस्किटं आणि चहाचा मग पुढे ठेवला आणि म्हणाले, "खाऊन घे. तुझा हात थरथरला तर तू एकटा मरणार नाहीस." दादाजान म्हणायचे, "त्या दिवशी हवालदारसाहेबांनी मला माझाच मजहब समजावला." कारण आमच्या धर्मात तशी सवलत आहेच. जो आजारी आहे किंवा प्रवासात आहे, त्याने रोजे सोडावेत आणि पुढे तितके दिवस भरून काढावेत. अशा भरपाईच्या रोजाला कजा म्हणतात.

दादाजानने चहा घेतला. त्यांची वाट सुखरूप मोकळी झाली. हवालदारसाहेब शेजारच्या वाटेवर होते. संध्याकाळी ते परतले नाहीत.

1946 मध्ये दादाजान घरी आले तेव्हा 73 रोजे राहिले होते. त्यांनी एका वहीत 73 रेघा ओढल्या आणि एकेक खोडत गेले. दिवस ठरवले सोमवार आणि गुरुवार. श्रावणात शेजारच्या मावशींचाही सोमवार असायचा. दोन्ही घरं दिवसभर उपाशी आणि दोन्ही घरांची नजर मावळतीकडे. संध्याकाळी आमच्याकडून खजूर जायचे, त्यांच्याकडून गरम वरण-भात यायचा.

मध्ये 1948 साल आलं. 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. जुलूम गेल्याचा आनंद होता, तशी त्या दिवसांत मुसलमान घरांत भीतीही होती. रझाकारही खाकी घालायचे. आता मुसलमानाच्या पेटीत सापडलेली खाकी कोणत्या फौजेची, हे कोण विचारत बसणार? दादीने एका रात्री दादाजानची वर्दी चुलीत घातली. सोबत वर्दीतला एकुलता एक फोटोही गेला. दादाजान चुलीसमोर बसून होते, पण त्यांनी तिचा हात धरला नाही. दादीवर ते कधी रागावले नाहीत, आणि त्या रात्रीबद्दल त्यांनी कुणाला दोषही दिला नाही.

पुढे राज्य सरकारकडून महायुद्धातल्या माजी सैनिकांना मानधन मिळतं असं कळलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. अर्ज भरायला बसलो तर पुरावा कुठला द्यायचा? दादाजान उठले, कुराण शरीफ काढलं आणि त्याच्या कापडी जुजदानातून डिस्चार्जचं पुस्तक बाहेर काढलं. वर्दी जळाली होती, कागद तिथे जपलेला होता.

त्याच दिवशी ती वहीही हाती आली. शेवटची रेघ 1949 मध्येच खोडलेली होती. मी विचारलं, "दादाजान, हिशेब तर केव्हाच संपला. मग पन्नास वर्षं हे सोमवार-गुरुवार कशाला?" ते दखनीत म्हणाले, "रोजे रह गये थे, वो पूरे कर दिये. मैं रह गया, उसका क्या?"

शेवटी मधुमेहामुळे डॉक्टरांनी रोजे बंद केले. ज्याला रोजा झेपतच नाही, त्याने एका रोजाबदली एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. दादाजान तो मानधनातून देत. गरीब कोणत्या आळीतला, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. 2003 मध्ये ते गेले.

इटलीत फोर्ली इथे भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथेच ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारकही. दोन्हीकडे नावं कोरलेली आहेत. तिथल्या नावांत हवालदारसाहेब असतील का, असं मला नेहमी वाटतं. पण शोधायचं कसं? दादाजान त्यांना कायम 'हवालदारसाहेब'च म्हणत आले, आणि आम्हीही त्यांच्या इफ्तारच्या गोष्टी ऐकण्यात इतके रमलो, की त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

रोजांना कजा असते. याला नाही. म्हणून यंदाच्या रमजानमध्ये एवढंच सांगतो: तुमच्या घरात असा एखादा म्हातारा फौजी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या सोबत्यांची नावं विचारून घ्या.