मेवुंडींनी आमच्यासाठी काय गावे? सीमाभागाची पाच गाण्यांची फर्माइश

रेडिओच्या जमान्यात 'आपली आवड'ला पोस्टकार्ड टाकण्याची पद्धत होती. गावातली दहा-बारा नावे एकाच कार्डावर दाटीवाटीने लिहायची, खाली गाण्याची फर्माइश, आणि मग आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील आम्हा मराठी माणसांना आज पुन्हा तसेच एक कार्ड टाकावेसे वाटते. फरक एवढाच की या वेळी पत्ता आकाशवाणीचा नाही. हे कार्ड हुबळीचे गायक पं. जयतीर्थ मेवुंडी यांच्या नावे आहे.

त्यांच्याच नावे का, हे आधी सांगितले पाहिजे. मेवुंडी किराणा घराण्याचे. त्यांनी पं. अर्जुनसा नाकोड आणि पं. श्रीपती पाडिगार यांच्याकडे तालीम घेतली. पाडिगार हे पं. भीमसेन जोशी यांचे शिष्य. मेवुंडी कन्नड मुलखातले असून दासरपदे गातात, आणि आषाढीच्या सुमारास महाराष्ट्रातील व्यासपीठांवर मराठी अभंगही तितक्याच तन्मयतेने गातात. दोन्ही भाषांत ज्याचा गळा परका वाटत नाही असा गायक सीमाभागाला आपला वाटणारच.

ही वाट भीमसेनांनी घालून दिली. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी गदग येथे जन्मलेल्या, कन्नड मातृभाषा असलेल्या या माणसाने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे विद्या घेतली आणि पुढे पुण्यात घर केले. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चालींतून त्यांनी नामदेव-तुकाराम घराघरांत पोहोचवले. त्याच गळ्याने पुरंदरदासांची पदे कर्नाटकाला ऐकवली. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले तेव्हा दोन्ही राज्यांनी ते आपलेच मानले. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले तेव्हा दोन्हीकडे सारखीच हळहळ झाली. आमच्या खेड्यांत तर एकाच जत्रेच्या एकाच भोंग्यावर सकाळी दासरपद आणि संध्याकाळी अभंग वाजत आला आहे. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रिका येते आणि तुकोबांच्या अभंगातही तोच विठ्ठल. ऐकणाऱ्याला भाषा बदलल्याचे कळते, देव बदलल्याचे वाटत नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार एवढीच की देहू-आळंदीची वाणी आमच्याकडे आली, हंपीची वाणीही आली. आमच्या मातीत जे रचले गेले ते मात्र कोणाकडे फारसे गेले नाही. आमचा मुलूख मधला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद संस्थानातील जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. जमिनीची वाटणी झाली, तशी गाण्यांचीही झाली. मराठीतली काही रत्ने कन्नड राज्यात राहिली, कन्नडमधली काही महाराष्ट्रात राहिली. जी ज्या बाजूची नव्हेत अशी ठरली, त्यांना वाली उरला नाही. अशी गाणी एकत्र गाऊ शकेल तो दोन भाषांचा गायकच. म्हणून ही पाच गाण्यांची यादी.

पहिली फर्माइश माणिकप्रभूंच्या पदांची. बसवकल्याणजवळच्या लाडवंती गावी १८१७ साली त्यांचा जन्म झाला आणि १८६५ साली हुमनाबादजवळ माणिकनगर येथे त्यांनी समाधी घेतली. त्यांनी मराठीत पदे केली, कन्नडमध्ये केली, हिंदुस्थानीतही केली. ज्या निजामी मुलखात ते वावरले तिथे बाजारात जितक्या भाषा होत्या तितक्या त्यांच्या पदांत आहेत. त्यांच्या संप्रदायाचे नावच 'सकलमत'. दत्तजयंतीला माणिकनगरात आजही गाणे होते, पण त्याचा नाद वेशीबाहेर थोडा जातो. एका बैठकीत त्यांचे एक मराठी पद, एक कन्नड आणि एक हिंदुस्थानी पद लागोपाठ गायले जावे, एवढेच आमचे मागणे. एकाच माणसाने तीन भाषांत रचले हे ऐकणाऱ्याला आपोआप कळेल, व्याख्यान लागणार नाही.

दुसरी फर्माइश गुरुचरित्रातील कानडी पदांची. हे वाचून कोणी चमकेल, पण ज्यांच्या घरी पोथीचे सप्ताह होतात त्यांना ठाऊक आहे की या मराठी पोथीत सायंदेवाच्या तोंडी कानडी पदे आहेत. नृसिंहसरस्वतींचे गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर. सायंदेवांचे कडगंची आळंद तालुक्यात, जिथे आता कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे. त्याच सायंदेवाच्या वंशातील सरस्वती गंगाधराने मराठीत हा ग्रंथ लिहिला. सांगली-कोल्हापूरपासून विदर्भापर्यंत हजारो घरांत ही पोथी वाचली जाते. कानडी पदे आली की वाचणारा अडखळतो, अक्षरे कशीबशी उच्चारतो आणि पुढे सरकतो. अर्थ न कळता शेकडो वर्षे भक्तिभावाने म्हटली गेलेली ही पदे एकदा कन्नड जाणणाऱ्या गवयाने शुद्ध उच्चारांत, सुरात गायली तर केवढे उपकार होतील! पाठ करणाऱ्याला उच्चार सापडेल, आणि आपल्या पोथीत शेजारची भाषा किती आदराने बसली आहे हेही उमगेल.

तिसरी फर्माइश बीदरच्या नावाची. मराठी संतकथांत बीदर येते ते बहुधा बादशहाचा दरबार म्हणून. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे रयतेसाठी मोकळी करणारे दामाजीपंत. त्यांच्यासाठी विठू महाराच्या रूपात बीदर दरबारी रक्कम भरणारा विठ्ठल. बादशहाचे बोलावणे आले म्हणून पंढरीच्या दारी प्राण ठेवणारी मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा. महिपतीने १७६२ च्या 'भक्तिविजया'त या कथा सांगितल्या आणि कीर्तनकारांनी त्या गावोगाव नेल्या. कान्होपात्रेचे अभंग आणि दामाजीच्या आख्यानातील ओव्या एका ध्वनिमुद्रणात आल्या तर बीदर तालुक्यातल्या पोराला कळेल की आपल्या गावचा किल्ला नुसता सहलीचा नाही; मराठीतली एक मोठी गोष्ट त्याच्या दारात येऊन पूर्ण होते.

चौथी फर्माइश जोडगाण्याची. बसवेश्वरांचे कल्याण आज कर्नाटकात आहे. त्यांच्या काळातला राजा बिज्जळ कल्याणला येण्यापूर्वी मंगळवेढ्याहून कारभार पाहत असे, आणि मंगळवेढे आज महाराष्ट्रात आहे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर वचनकार होते. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत, गाव मात्र महाराष्ट्रात. उलट बीड जिल्ह्यातील कपिलधारचे मन्मथस्वामी वीरशैव परंपरेतले आणि त्यांचे 'परमरहस्य' व अभंग मराठीत. आमच्याकडील कितीतरी लिंगायत घरांत वचन आणि मन्मथस्वामींचा अभंग एकाच भजनात म्हणतात. पं. मल्लिकार्जुन मन्सूरांनी वचनांना रागदारीचे दार उघडून दिले. आता कोणी सिद्धरामांच्या वचनाला लागूनच मन्मथस्वामींचा अभंग घ्यावा. वचनाला अभंगासारखा अक्षरांचा बांधलेला छंद नसतो, ते बोलण्याच्या लयीत चालते. अभंग टाळावर चालतो. ही दोन चालींची गाठ कशी मारायची हे गवयाने ठरवावे. आमचे काम मागण्याचे.

पाचवी फर्माइश सर्वांत अवघड, पण आमच्या मते तातडीची. जात्यावरच्या ओव्या. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सीमेच्या अलीकडे तसे मोठे काम व्हायचे राहिले आहे. इथल्या आज्या मराठी ओवीत कानडी शब्द सहज मिसळतात, माहेर एका भाषेचे आणि सासर दुसऱ्या भाषेचे असते. जाती गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. ओवी म्हणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या चार ओव्या मोठ्या गवयाने त्यांच्याच चालीत, फार ताना न घेता गायल्या, तर उरलेल्या ओव्या टिपून घेण्याची लाज गावाला वाटणार नाही, हुरूप वाटेल.

कोणी म्हणेल, मराठी पानावर कन्नड गाण्यांची मागणी कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. आमची मुले कन्नड शिकतात आणि शिकलीच पाहिजेत. ज्या राज्यात पोट भरायचे त्याची भाषा यायलाच हवी. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो कागद त्याच्या गतीने चालेल. पण आजीची मराठी नातवाला समजेनाशी झाली तर त्यावर कोणतेही न्यायालय निकाल देऊ शकणार नाही. ज्याला घरची भाषा नीट ऐकायला मिळते तो शेजारची भाषाही मोकळ्या मनाने घेतो. गाणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. एका ध्वनिमुद्रणाने मराठी शाळेचा पट वाढणार नाही हे आम्हीही जाणतो. पण शाळेत न मिळणारी भाषा कानांवर पडत राहिली तर ती परकी होत नाही.

म्हणून फर्माइशीसोबत एक विनंती जोडतो. गाण्यांचे शब्द देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत छापावेत. आमच्या कितीतरी घरांत नातवंडे मराठी बोलतात पण कन्नड अक्षरेच भराभर वाचतात. त्यांना तुकोबा कन्नड लिपीत दिले तर ते मराठीतच म्हणतील. यात अडचणी आहेत. मराठीत 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. कन्नडमध्ये त्यासाठी दोन उच्चार नाहीत. उलट कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, त्यांना आपल्या रोजच्या देवनागरीत खूण नाही. दोन्ही भाषा घरात वागवणारा एखादा सीमेवरचा माणूस तालमीला बसवला तर हे सहज सुटेल. असे लोक आमच्या प्रत्येक गावात आहेत.

वाचकहो, शेवटी एक काम आपल्या वाट्याचे. गवयाने गावे असे म्हणायचे आणि गाण्याचे शब्दच हाती नसावेत, असे होऊ नये. प्रत्येक गावच्या भजनी मंडळाकडे हाताने लिहिलेली एक वही असते, पाने सुटलेली, तेलाचे डाग पडलेली. ती वही या पावसाळ्याच्या आत नव्या कागदावर उतरवून घ्या. पद कोणाचे, चाल कोणाकडून आली, गावात ते आता कोणाला येते, हे प्रत्येक पदाखाली लिहा. घरात आजी असेल तर तिला चार ओव्या म्हणायला लावा, फोनवर भरून ठेवा आणि तिचे माहेर कोणते तेही नोंदवा. मेवुंडी असोत की उद्या येणारा दुसरा कोणी दोन भाषांचा गायक, तो आपल्या दारी आला आणि 'काय गाऊ?' असे विचारले, तर आपली वही तयार असली पाहिजे.