समेवरचा फोटो

तरुणपणी एका मैफलीत मी फ्लॅश मारला. गायकाचे मिटलेले डोळे उघडले, आलाप तुटला. तेव्हापासून फ्लॅश पेटीतच आहे. मग एक जुनी 50 मिलिमीटरची, एफ 1.4 ची लेन्स घेतली. एफ 2.8 पेक्षा ती चौपट प्रकाश आत घेते. सोबत 400 आयएसओची कृष्णधवल फिल्म. ती 1600 ची समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. दाणे उठतात, सावल्या काळ्या होतात. चेहरा मात्र राहतो. 1/60 सेकंदात तानेतला हात पुसट येतो. म्हणून समेची वाट पाहावी. तिथे हात क्षणभर थांबतो, आणि कॅमेऱ्याचा खटका रसिकांच्या दादेत बुडतो. पण मंडळी, सम कळायला आधी गाणे ऐकावे लागते!