लस टोचण्याविषयीं लोकांचें मन कसें वळतें?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे घटसर्प व फऱ्या या रोगांविरुद्ध जनावरांस लस टोचण्याची वेळ येते. औषध एक, टोचणारा एक. तरी एका आळींतील लोक आपण होऊन जनावरें आणून बांधतात, आणि दुसऱ्या आळींतील लोक तीं वाडीच्या टोकास नेऊन लपवितात. मुलांच्या लशीचेंही तेंच. याचें कारण बहुतेक वेळां लशींत नसून, ती सांगणाराच्या शब्दांत व रीतींत असतें. कळंब व आसपासच्या वाडीवाल्या बंधूंनीं याचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम जुना दाखला पाहूं. मुंबईस देवीची पहिली लस १८०२ सालच्या जून महिन्यांत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. लोक या रोगास देवीचा कोप मानीत. त्यामुळें टोचण्याची भीति मोठी होती. पुढें त्याच क्रियेस ‘देवी काढणें’ हें घरगुती नांव पडलें व ती परकी राहिली नाहीं. १९७५ सालानंतर आपल्या देशांत देवीचा रोगी आढळलेला नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनीं लस तयार केली व १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. शंभर जाहीरनाम्यांहून हा पुरावा मोठा होय. उलट त्याच सालीं पुण्यांत सोजिरांकडून घरांच्या झडत्या झाल्या, तेव्हां उपायाचीच लोकांना धास्ती बसली. १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें प्लेगची लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष एका दूषित बाटलीचा होता. परंतु हाफकिन यांजवरील आळ दूर होण्यास १९०७ साल उजाडलें. चूक झाली तर ती लवकर व उघड सांगावी, हा यांतील धडा.

आतां अलीकडचे प्रयोग. राजस्थानांत उदेपूर जिल्ह्यांतील खेड्यांत एक पाहणी झाली. तिचा निकाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला. जेथें कांहींच विशेष केलें नाहीं, तेथें शेंकडा ६ मुलांच्या सर्व लशी पुऱ्या झाल्या. गांवांतच ठराविक दिवशीं नेमानें टोचणी ठेवली, तेथें १८ झाल्या. आणि दर खेपेस शेरभर डाळ व शेवटीं ताटें दिलीं, तेथें ३९. म्हणजे पुष्कळ आईबापांचा विरोध नसतो, केवळ चालढकल असते. अमेरिकेंत ‘तुमची लस तुमच्यासाठीं राखून ठेविली आहे’ असा निरोप धाडल्यानें घेणारांची संख्या थोडी, परंतु निश्चित वाढली. याच्या उलट, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत खोट्या समजुतीचें खंडन वाचून आईबापांचा तो समज कमी झाला, तरी जे आधींच साशंक होते त्यांची लस देण्याची इच्छा उलट घटली. वादांत हरलेला मनुष्य पटलेला असतोच असें नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां एका गांवीं ‘जनावर न आणणारास दंड होईल’ अशी दवंडी पिटविली गेली. दुसरे दिवशीं चावडीपुढें एकही जनावर फिरकलें नाहीं. पुढील खेपेस गांवच्याच एका वृद्ध शेतकऱ्यानें आपली दुभती म्हैस सर्वांदेखत प्रथम टोचविली. दोन दिवस दूध कमी झालें. आठवड्यानें पूर्ववत् झालें. हें शेजाऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, मग रांग लागली.

यावरून चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सांगणारा ओळखीचा असावा व त्यानें आधीं स्वतः करून दाखवावें. दिवस, वेळ व जागा नेमकी सांगावी. किंचित् ताप येईल, टोचल्या जागीं सूज येईल, दूध एकदोन दिवस कमी होईल, हें आधींच सांगावें. लपविल्यास तेंच अफवेचें बीज होतें. आणि धाक घालूं नये.

बुळकांडीनें एके काळीं गोठेच्या गोठे ओस पाडले. २०११ सालीं ती साऱ्या जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. तें लशीमुळें, आणि ती घेऊं देणाऱ्या शेतकऱ्यांमुळें घडलें. एकानें लपविलेलें जनावर शेजाऱ्याच्या गोठ्यासही रोगाची वाट मोकळी ठेवितें. यंदा टोचणीचा दिवस ठरला म्हणजे प्रत्येक वाचकानें आपलें जनावर प्रथम न्यावें व वाटेंत दोन शेजाऱ्यांस हांक मारावी. इतकें केलें तरी लेखाचें सार्थक झालें.