मोटारीवांचून तीन नगरांची आनंदयात्रा

मुलाबाळांस घेऊन दूरदेशीं आनंदयात्रेस जावें असें आतां पुष्कळ कुटुंबांस वाटूं लागलें आहे, आणि ज्यांस थीम पार्क म्हणतात तीं विस्तीर्ण क्रीडोद्यानें हें या यात्रेचें मुख्य आकर्षण असतें. परंतु बेत सुरू झाला कीं एक शंका हटकून निघते. घरांत मोटार हांकणारें कोणी नाहीं, परक्या मुलखांत भाड्याची मोटार घेण्याचा धीर नाहीं. मग एका नगरांतून दुसऱ्या नगरीं जावयाचें कसें? या शंकेपायीं कित्येक बेत मनांतच जिरतात. विशेषतः ज्या घरांत आजी-आजोबा, एकटी आई व लहान मुलें एवढींच माणसें असतात, त्या घरानें ही गोष्ट आपल्यासाठीं नव्हेच असें मानून घेतलेलें असतें. हा समज खरा नाहीं, हें आज मी जपानच्या उदाहरणानें सांगणार आहें.

या बेताचें सार दोन नियमांत सांगतां येतें. यात्रेचा आराखडा उद्यानावरून आंखूं नये, स्टेशनावरून आंखावा. आणि प्रवासाची चाल घरांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसावरून ठरवावी. पहिल्या नियमानें पैसा व श्रम वांचतात. दुसऱ्यानें मंडळी शेवटपर्यंत एकत्र राहते.

जपान हा देश या कामीं इतका सोयीचा कां, याचें एक कारण तेथील रेल्वेच्या इतिहासांत आहे. तेथें पुष्कळ लोहमार्ग खासगी कंपन्यांनीं बांधले. शहरांतून बाहेर जाणाऱ्या मार्गाच्या टोकाला वस्ती विरळ. मग गाड्या भरावयाच्या कशा? १९१० सालीं ओसाकाच्या उमेदा भागांतून ताकाराझुका या गांवापर्यंत विजेची गाडी सुरू झाली, तेव्हां त्या कंपनीचे सूत्रधार इचिझो कोबायाशी यांनीं या प्रश्नाचें मोठें कल्पक उत्तर शोधलें. मार्गाच्या टोकास १९११ सालीं त्यांनीं उष्णोदकाचें स्नानगृह उभारलें, व १९१४ सालीं तेथेंच मुलींच्या संगीत-नाट्यमंडळीचा पहिला प्रयोग करविला. ती मंडळी आजहि नांवाजलेली आहे. आपल्याकडे देवस्थानाच्या यात्रेमुळें एखादें स्टेशन गजबजतें. तेथें स्टेशनास यात्रा मिळावी म्हणून जणूं देवस्थानच निर्माण करण्यांत आलें! हीच युक्ति इतर कंपन्यांनींहि उचलली. फुजी पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या फुजी-क्यू हायलँड या उद्यानास स्वतःचें स्टेशन आहे, तें यामुळेंच.

मागाहून प्रचंड उद्यानें आलीं. त्यांसहि लोहमार्गावांचून चाललें नाहीं. टोकियोचें डिस्नीलँड १५ एप्रिल १९८३ रोजीं उघडलें, तेव्हां उतारूंस उरायासु स्टेशनावर उतरून बस धरावी लागे. १९८८ सालीं उद्यानाजवळच माइहामा हें स्टेशन झालें, आणि तो त्रास संपला. ओसाकाचें युनिव्हर्सल स्टुडिओज हें उद्यान ३१ मार्च २००१ रोजीं उघडलें. त्याचें स्टेशन त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस तयार होतें.

आतां प्रत्यक्ष बेताकडे वळूं. टोकियो, नागोया व ओसाका हीं तीन नगरें एकाच लोहमार्गावर आहेत. पूर्वी एदो, म्हणजे आजचें टोकियो, येथून क्योतोस जाणारा तोकाइदो नांवाचा राजमार्ग होता व त्यावर त्रेपन्न मुक्काम होते. बहुतांशीं त्याच दिशेनें १ ऑक्टोबर १९६४ पासून शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी धांवत आहे. तिच्या नोझोमी या जलद गाडीनें टोकियोहून नागोया सुमारें एक तास चाळीस मिनिटांवर, व तेथून शिन-ओसाका पाऊण-एक तासावर आहे. म्हणून विमानानें टोकियोस उतरावें व ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतावें. आल्या वाटेनें माघारीं जाण्याचा खर्च व एक संपूर्ण दिवस यामुळें वांचतो.

टोकियोंत डिस्नीचीं दोन उद्यानें शेजारीं-शेजारीं आहेत: एक डिस्नीलँड, व दुसरें २००१ सालीं उघडलेलें डिस्नीसी. टोकियो स्टेशनापासून केइयो मार्गानें माइहामा पंधरा मिनिटांवर आहे. परंतु येथें एक मेख आहे. टोकियो स्टेशनांत केइयो मार्गाचे फलाट जमिनीखालीं अगदीं एका अंगास आहेत; इतर गाड्यांतून उतरून तेथवर पोंचावयास दहा-पंधरा मिनिटें चालावें लागतें. मुक्काम जर त्याच मार्गावरील पुढच्या हात्चोबोरी या स्टेशनापाशीं केला, तर ही पायपीट टळते. शिवाय तेथून हिबिया मार्गाच्या भुयारी गाडीनें गिंझा व उएनो हे भागहि सहज पाहतां येतात. स्टेशनावरून आराखडा आंखावा म्हणतों, तें अशासाठीं.

नागोयाकडे परदेशी प्रवाशांचें लक्ष कमी जातें. पण आजोबा व नात या दोघांसहि रमविणारें असें हें गांव आहे. मियाझाकी यांच्या चित्रपटांवर आधारलेलें घिब्ली उद्यान शहराबाहेर नागाकुते येथें १ नोव्हेंबर २०२२ रोजीं उघडलें. तेथें जिवाचा थरकांप करणारे पाळणे नाहींत; झाडींतून हिंडावें, घरें पाहावीं, बसावें. भुयारी गाडीनें फुजिगाओका गांठावें, व तेथून चुंबकशक्तीनें रुळावेगळी तरंगत जाणारी लिनिमो नांवाची गाडी धरावी. ती उद्यानाच्या दारांतच सोडते. हें उद्यान बहुधा मंगळवारीं बंद असतें, हें तारखा ठरवितांना ध्यानीं ठेवावें. दुसऱ्या दिशेस, आओनामी मार्गाच्या शेवटच्या किंजोफुतो स्टेशनापाशीं, लहान मुलांसाठीं लेगोलँड आहे व त्याच्याच शेजारीं रेल्वेचें भव्य संग्रहालय आहे. हे दोन्ही मार्ग व शिंकान्सेन नागोया स्टेशनांतच एकत्र येतात. तेव्हां मुक्काम तेथेंच करावा.

ओसाकांत युनिव्हर्सल सिटी स्टेशनापासून उद्यानाचें दार पांच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. हें शेवटचें नगर असल्यामुळें येथें उद्यानाजवळच उतरावें. कारण कान्साई विमानतळास जाणारी थेट बस तेथूनच सुटते.

तिकिटांविषयीं थोडें गणित करणें अवश्य आहे. परदेशी प्रवाशांसाठीं असलेला सात दिवसांचा जपान रेल पास हा फार स्वस्त, असें आपण ऐकून असतां. तें पूर्वी खरें होतें. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत त्याची किंमत २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियोहून नागोयास थांबून ओसाकास जाण्याचीं सुटीं तिकिटें याच्या निम्म्याहूनहि कमी पैशांत येतात; म्हणून या एकेरी यात्रेस पास घेणें म्हणजे व्यर्थ व्यय होय. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस अर्धें तिकीट पडतें. त्याहून लहान मुलास स्वतंत्र आसन नको असेल तर पैसे पडत नाहींत. उद्यानांचीं तिकिटें मात्र दिनांक ठरवून आगाऊ घ्यावीं. ऐन वेळीं दाराशीं जाऊन मिळतील या भरंवशावर राहूं नये.

सामान हा वृद्ध प्रवाशाचा खरा शत्रु होय. जपानांत १९७६ पासून ताक्क्युबिन नांवाची घरपोंच सामान नेण्याची सेवा आहे. एका हॉटेलांत पेटी सोंपवावी, ती बहुधा दुसऱ्या दिवशीं पुढच्या नगरांतील हॉटेलांत आपली वाट पाहत असते. आपण एका रात्रीपुरती पिशवी घेऊन गाडींत बसावें. पेटी बरोबरच न्यावयाची असेल, आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरांहून अधिक होत असेल, तर शिंकान्सेनमध्यें सामानाच्या जागेसह असलेलें आसन आधींच राखून ठेवावें लागतें. घरींच फीत लावून पाहावें.

आतां दुसरा नियम. उद्यानांत दिवसाकांठीं आठ-दहा किलोमीटर चालणें सहज होतें. म्हणून दोन उद्यानांच्या दिवसांमध्यें एक दिवस मोकळा ठेवावा, आणि ज्या दिवशीं नगर बदलावयाचें त्या दिवशीं मोठें उद्यान घेऊं नये. आमची यात्रा चौघांची होती: मी, माझी पत्नी, कन्या व नऊ वर्षांची नात. पत्नीचे गुडघे दुखरे. त्यांवरूनच आम्हीं अकरा दिवसांची मांडणी केली. दुपारीं दोन वाजतां आम्ही दोघें गाडीनें मुक्कामीं परतत असूं, आणि मायलेकी रात्रीं दीपोत्सव पाहून येत. मोटार असती तर एकानें निघणें म्हणजे सर्वांनीं निघणें झालें असतें. दर कांहीं मिनिटांनीं गाडी असली म्हणजे म्हाताऱ्यांस कोणावर भार न होतां थकण्याची मुभा मिळते. माझ्या मतें या सर्व खटाटोपाचें हेंच मोठें फळ आहे.

काळ व अन्न यांविषयीं दोन शब्द. आपली उन्हाळी सुट्टी व जपानांतील एप्रिलअखेर ते मेच्या प्रारंभींचा सुट्ट्यांचा सप्ताह एकमेकांवर येतात; त्या दिवसांत तेथें अतोनात गर्दी असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर व जूनमधील पावसापूर्वी जावें, किंवा दिवाळीच्या सुट्टीचा उपयोग करावा. शाकाहारी मंडळींनीं हें जाणून असावें कीं, नुसत्या भाज्यांच्या दिसणाऱ्या सुपांतहि माशांचा अर्क बहुधा असतो. टोकियोंतील एदोगावा विभागांत निशि-कासाई हा भाग डिस्नी उद्यानांपासून फार दूर नाहीं. तेथें पुष्कळ भारतीय कुटुंबें राहतात, व आपल्याकडील डाळ-पीठ आणि गरम जेवण मिळतें. मूळचे महाराष्ट्रीय असे योगेंद्र पुराणिक २०१९ सालीं याच विभागाच्या सभेवर निवडून आले होते.

टोकियोहून ओसाकाकडे जातांना शिंकान्सेनमध्यें उजव्या हाताचें, ई अक्षराचें, खिडकीजवळचें आसन मागून घ्यावें. आकाश निरभ्र असल्यास गाडी सुटल्यापासून पाऊण तासाच्या सुमारास फुजी पर्वत दिसतो. मोटारींत एकाला तरी रस्त्यावरून दृष्टि काढतां येत नाहीं. येथें मात्र घरांतील प्रत्येकजण त्याकडे डोळे भरून पाहूं शकतो.

तेव्हां श्रोतेहो, बेत करावयास बसाल तेव्हां एका कागदावर प्रथम स्टेशनें लिहा, मग मुक्काम, मग मोकळे दिवस, आणि सर्वांत शेवटीं उद्यानें. या क्रमानें लिहिलेला कागद हातीं असला म्हणजे मोटार हांकणारा घरांत कोणी नसला तरी कांहीं अडत नाहीं.