जुना टीव्ही, नवी विद्यार्थिनी

"आलं का?" गच्चीवरून बाबा ओरडायचे. "नाही, अजून मुंग्याच आहेत!" खालून आम्ही भावंडं. दूरदर्शनच्या जमान्यातला हा संवाद कॅन्ससमध्ये, तोही इंग्रजीतून, पुन्हा करावा लागेल असं वाटलं नव्हतं.

२००९ साली १२ जूनला अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही स्टेशनांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं. आधी १७ फेब्रुवारी ठरली होती. पण अनेक घरांची तयारी नव्हती, म्हणून तारीख पुढे गेली. आमच्याकडे केबल, त्यामुळे आम्ही निर्धास्त. शेजारच्या आजी मात्र एकट्या राहतात. जुना टीव्ही आणि त्यावर सशाच्या कानांसारखा अँटेना. टोर्नेडोचे इशारे त्यांना याच टीव्हीवर कळतात.

कन्व्हर्टर बॉक्स घ्यायला सरकार ४० डॉलरची कुपनं देत होतं, घरटी दोन. आजींनी आपलं कुपन ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की ९० दिवसांची मुदत उलटून गेली! सुदैवाने पुढे अशा लोकांना पुन्हा अर्ज करायची सोय झाली. मी त्यांच्यासाठी फोन केला.

बॉक्स आला. अँटेनाची वायर बॉक्सला, बॉक्सची टीव्हीला, टीव्ही ३ नंबरवर, आणि बॉक्सला चॅनेल शोधायला लावायचं. सोपं! पण चित्र येईना. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला तरी मुंग्यांच्या आडून काहीतरी दिसायचं. डिजिटलचं तसं नाही. एक तर लख्ख, नाहीतर चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि मग सगळंच गायब. आजी रिमोट घेऊन, मी अँटेना हातात धरून खोलीभर. "आलं का?" "नाही गं!" अखेर खिडकीशी जमलं.

आता दोन रिमोट बघून आजींनी हात टेकले. "मला नाही जमायचं." हे वाक्य मी शाळेत किती मुलांकडून ऐकलंय! इथे व्हिसामुळे नोकरी नाही, एम.ए.चं सर्टिफिकेट बॅगेच्या तळाशी आहे. पण त्या दिवशी मी कागद घेतला, ठळक अक्षरांत पाच पायऱ्या लिहिल्या आणि स्वतः हात न लावता त्यांच्याकडूनच चार वेळा करून घेतलं.

१२ जूनला काही स्टेशनांची फ्रिक्वेन्सीही बदलली, त्यामुळे चॅनेल पुन्हा शोधणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लगबगीने गेले, तर आजी कागद मांडीवर ठेवून बातम्या बघत होत्या. सगळं स्वतःच केलेलं!

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते, लेक चित्रं काढत बसली होती. आमचा केबलवाला टीव्ही बंद. फोन वाजला. "टीव्हीवर इशारा आलाय. आपल्याच भागाचं नाव आहे. मुलीला घेऊन तळघरात जा, आत्ता!"

गॅस बंद केला, लेकीला उचललं आणि आधी शेजारी धावले. आजींना हाताला धरून आणलं आणि तिघी आमच्या तळघरात बसलो. वादळ लांबून गेलं. वर आल्यावर तिघींनी त्याच पोळ्या खाल्ल्या, गार झालेल्या.