चेनसॉचे इंजिन जाम झाले? नवा पिस्टन बसवण्याआधी हे तपासा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळ-सुपारीच्या, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते अडले, घरांवर झाडे पडली. त्या दिवसांत चेनसॉची किंमत काय असते, हे कोकणातल्या प्रत्येक मोहल्ल्याला कळले. आज अनेक बागायतदारांकडे स्वतःची मशीन आहे, काही तरुणांची तर त्यावरच रोजी चालते. म्हणून मशीन जाम झाली की नुकसान दुहेरी होते. दुरुस्तीचा खर्च तर येतोच, वर रोजही बुडतो.

बहुतेक वेळा दुकानदार सांगतो, "पिस्टन-सिलिंडरचा सेट बदला." सेट बदलला जातो आणि महिनाभरात मशीन पुन्हा बसते. असं का होतं, ते आपण समजून घेऊ.

इंजिन जाम का होते?

चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात मोटरसायकलसारखे वेगळे इंजिन ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देते. इंजिन मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते. ऑइल कमी पडले किंवा पेट्रोलच्या मानाने हवा जास्त गेली की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला घासतो. पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. यालाच आपण 'सीज झाला' म्हणतो.

आधी सायलेन्सर काढून पाहा

इंजिन थंड असताना स्पार्क प्लग आणि सायलेन्सर काढा. धूर बाहेर पडतो त्या छिद्रातून पिस्टन दिसतो. स्टार्टरची दोरी हळू ओढत टॉर्चने पाहा. पिस्टनवरचे ओरखडेच बरेचदा कारण सांगतात.

• फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन जास्त तापले आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी गेले.
• चारी बाजूंनी ओरखडे असतील तर बहुधा ऑइल न घालता नुसते पेट्रोल भरले गेले.
• कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन घासून निस्तेज झाला असेल तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली.

सिलिंडर वाचतो का?

सिलिंडर बाहेर काढा आणि आतून नख फिरवा. आतल्या भिंतीवर कडक मुलामा असतो. नख अडकण्याइतका खोल चर असेल किंवा मुलामा सोलला असेल तर सिलिंडर बदलावाच लागेल. पण नुसते ॲल्युमिनियम चिकटले असेल तर तो वाचू शकतो. मग फक्त पिस्टन आणि रिंग नवी लागते.

चिकटलेला थर काढायला मेकॅनिक कापसाच्या काडीने हायड्रोक्लोरिक ॲसिड लावतात. ॲल्युमिनियमवर बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की पुसून, पाण्याने स्वच्छ धुऊन, बारीक पॉलिश पेपर आडवा-तिरपा फिरवतात. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. मुलामा गेलेल्या जागी ॲसिड सिलिंडरच खाते, तिथे लावू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

बसवताना

सिलिंडर काढल्याबरोबर खालच्या तोंडात स्वच्छ फडके घाला. लहानशी सर्कलिप आत पडली तर पूर्ण इंजिन खोलावे लागते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. रिंगचे तोंड खाचेतल्या पिनवर नीट बसवा, नाहीतर रिंग तुटते. सर्कलिप आणि गॅस्केट नवीच वापरा. सिलिंडरला आतून टू-टी ऑइल लावा आणि फडके काढायला विसरू नका.

मूळ कारण शोधले का?

खरी दुरुस्ती इथे आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबर चिरला आहे का पाहा. टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि नळी तपासा. क्रँकचे सील गळत असले तरी जास्तीची हवा आत जाते. आयडल आपोआप वर-खाली होणे, मशीन आडवी धरली की आवाज बदलणे, ही त्याची लक्षणे आहेत. सिलिंडरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेला भुसाही साफ करा, नाहीतर इंजिन थंड होत नाही.

ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत पाहा. ५०:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. चेनचे ऑइल वेगळ्या टाकीत जाते, ते पेट्रोलमध्ये मिसळायचे नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि रबराच्या नळ्या खराब करते. महिन्याहून जुने मिश्रण वापरू नका. पावसाळ्यात मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा.

नव्या पिस्टनवर पहिल्या दोन-तीन टाक्या दमाने काम घ्या. लाकडाला न लावता फुल रेस देऊ नका.

दुरुस्तीला मशीन दिलीत तर मेकॅनिकला एकच प्रश्न नक्की विचारा: "पिस्टन कशामुळे गेला?" उत्तर मिळाल्याशिवाय नव्या सेटचे पैसे देऊ नका.