द्रव वर्णलेखनात स्तंभाचे उष्णतामान

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरील गावी ‘खोलीचे उष्णतामान’ ही संज्ञा फारशी उपयोगाची नाही. हिवाळ्यात पहाटे २० अंश सेल्सियसच्या आसपास असलेला पारा दुपारी ३० अंशांवर जातो. द्रव वर्णलेखनात मात्र स्तंभाचे उष्णतामान एका अंशाने वाढले, तरी पदार्थाची स्तंभातील धारणा बहुधा १ ते २ टक्क्यांनी घटते. सकाळी दहाव्या मिनिटास उमटणारे शिखर दुपारी मिनिटभर आधीच उमटावयाचे, आणि केवळ वेळेवरून पदार्थ ओळखणारा अभ्यासक फसावयाचा.

स्थिर प्रावस्थेस चिकटताना रेणू सामान्यतः उष्णता बाहेर टाकतात. ऊब वाढली की ते चल प्रावस्थेकडे अधिक वळतात. शिवाय द्रवाची श्यानताही उतरते. पाण्याची श्यानता २० अंशांस १.०० मिलिपास्कल-सेकंद, तर ४० अंशांस ०.६५ असते, पंपावरील दाब त्याच प्रमाणात हलका होतो.

म्हणून स्तंभ नियंत्रित पेटीत ठेवावयाचा. परंतु शीतनाची सोय नसलेली पेटी खोलीहून सुमारे ५ अंश वरच नीट चालते. थंड प्रदेशात लिहिलेल्या पद्धतीतील ३० अंश येथे वैशाखात साधणार कसे? ४० अंश पत्करणे बरे. मात्र मग शिखरांचे विलगीकरण नव्याने तपासले पाहिजे. आत येणारा द्रवही आधीच तापवून घ्यावा, नाहीतर स्तंभाचे मुख थंड आणि शेवट उष्ण राहतो.

आमरसातील शर्करांच्या बाबतीत उष्णतेचे महत्त्व विशेष आहे. ग्लुकोजची दोन रूपे द्रावणात एकमेकांत पालटत असतात. कमी उष्णतामानात हा पालट मंद असल्याने शिखर पसरते किंवा दुभंगते. कॅल्शियम-रूपातील रेझिनचा स्तंभ ८० ते ८५ अंशांवर ठेवल्यास ते एकसंध येते. पण सायट्रिक व मॅलिक आम्लांसाठी वापरला जाणारा हायड्रोजन-रूपातील स्तंभ आम्लधर्मी असतो. तो असा तापविला, तर सुक्रोज स्तंभातच फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने त्याच्या रसाच्या शुद्धतेचा प्रश्न नाजूक आहे. पिकल्या आंब्यात सुक्रोज सर्वाधिक असते. तेच फुटले, तर निर्भेळ रसातही बाहेरून साखरेचा पाक मिसळल्याचा संशय यावयाचा. तेव्हा अशा स्तंभात आधी शुद्ध सुक्रोजचे द्रावण एकटेच सोडून पाहावे. ग्लुकोजच्या जागी शिखर उमटले, तर उष्णतामान उतरवावे किंवा शर्करांसाठी कॅल्शियमचाच स्तंभ घ्यावा.